बटव्यातली काडतुसं

ही हकीकत लिहायला मी आजवर तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा कागदावर दुसरंच काहीतरी उतरलं. एकदा नदीत पोहायला शिकलो ते लिहून झालं, एकदा बर्फात रुतलेल्या कॉलेजच्या बसची गंमत लिहून झाली, आणि तिसऱ्या वेळी तर मी चक्क कांदा-लसूण चटणीवर चार पानं लिहिली. चटणी चांगलीच होती, पण चार पानांची नव्हती. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस समोरच्या खुर्चीवर चहा पीत बसलेला असताना धीर होत नव्हता. आता ती खुर्ची रिकामी आहे. धीर तरीही झालेला नाही, पण माझीही सत्तरी उलटली आहे, तेव्हा जसं येईल तसं लिहितो.

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, व्हिक्टोरियाच्या डोंगरांत एका मोठ्या धरणाच्या कामावर इंजिनियर होते. ताईनं मला कोल्हापूरहून बोलावून घेतलं, म्हणे इकडं टेक्निकल कॉलेजला घालते. धरणाच्या लोकांसाठी वसवलेल्या त्या गावात दोन रस्ते होते. आमचं घर वरच्या रस्त्याच्या टोकाला, लाकडी खुंटांवर उभं, पत्र्याच्या छपराचं. त्या छपरावर मांजराएवढे पॉसम नाचायचे. पहिल्या रात्री मला वाटलं, कुणीतरी वर नारळ ओततंय. सकाळी मॅगपाय पक्षी गायचे, दुपारी चारला सुरुंगाचा भोंगा व्हायचा आणि मग धडाड्धूम, की ताईच्या मांडणीतली सगळी भांडी एकदम दात वाजवायची. ताई त्या वेळी बरोबर कपबश्यांवर हात ठेवून उभी राहायची. तिचं गणित इतकं पक्कं होतं की भोंग्याआधी तिचा हात जायचा. आणि तिन्हीसांजेला कूकाबरा पक्षी माणसासारखा हसायचा. ताई म्हणायची, "माझ्या सासूबाईंना कुणीतरी जोक सांगितला वाटतं."

त्या वर्षी ताईला दिवस गेले आणि घरातली हवाच बदलली. तिला काही जायचं नाही. वरण नको, पाव नको, शेजारच्यांनी आणून दिलेला केक तर बघवायचा नाही. एका संध्याकाळी दाजींनी खाटकाकडून मेंढीचं मटण आणून, कोल्हापूरहून डब्यात आलेली चटणी सढळ हातानं घालून, डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा केला. ताईनं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं.

"अगं, काय पायजे ते तरी सांग," दाजी म्हणाले.

ताई म्हणाली, "शिकारीचं."

आमच्या आजोळी, डोंगरकपारीच्या गावात, आम्ही लहान असताना कधीमधी शिकारीचा वाटा घरी यायचा. कुणी मारलं, कसं मारलं, हे पोरांनी विचारायचं नसे. तो वास ताईच्या नाकात राहिला होता आणि तो नेमका समुद्रापलीकडे, पाचव्या महिन्यात, वर आला होता. आता डोहाळे म्हटल्यावर आमच्याकडं त्याला उत्तर नसतं. चिंच मागितली तर चिंच, माती मागितली तर माती. बाईचा डोहाळा अपुरा राहिला तर पोराच्या तोंडाला जन्मभर लाळ गळते, असं दाजींची आई सांगायची, आणि दाजी इंजिनियर असूनसुद्धा ते त्यांना खरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धरणावरच्या कीथला विचारलं. कीथ हा मोठाली यंत्रं चालवणारा, पन्नाशीचा, अर्ध्या वाक्यात बोलणारा माणूस. तो म्हणाला, "डीअर? प्लेन्टी. सांबर."

दाजी त्या दिवशी घरी आले ते धावतच. बूट न काढता स्वयंपाकघरात शिरले. "सांबर! अगं, इकडं सांबर हाय! आपलं सांबर! शंभर वर्षांमागं जहाजात घालून आणून सोडलंय लेकांनी, आणि ते या डोंगरात माजलंय!" त्यांना वाटलेला आनंद मला आजही सांगता येत नाही. परक्या गावात पोस्टाच्या रांगेत कुणीतरी मराठीत शिंकावं, तसं काहीतरी. ताईनं विचारलं, "मग आम्ही काय विमानानं आलो म्हणून पाव्हणे, आणि ते जहाजानं आलं म्हणून इथलं?" आणि आम्ही तिघं इतके हसलो की ताईला खुर्ची धरून बसावं लागलं.

सांबर ठरलं. बंदूक ठरायची होती. पण कीथ म्हणाला, आधी काडतूस ठरव, बंदूक मागनं आपोआप ठरते. झालं. त्या एका वाक्यानं आमच्या घरात दीड महिना जो धिंगाणा चालला, तो आठवला की मला या वयातही हसू फुटतं.

दाजींनी धरणाच्या ऑफिसातून मोठा आलेखाचा कागद आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यावर चार स्थळं मांडली. टू-सेव्हंटी, थ्री-ओ-एट, थर्टी-ओ-सिक्स आणि थ्री-नॉट-थ्री. हे आकडे नळीच्या रुंदीचे, काहींत सालाचे, असं त्यांनी मला समजावलं. पुढं प्रत्येकाचा वेग, किती अंतरावर किती खाली पडते, खांद्याला लाथ किती बसते, आणि गोळीचं वजन. जेवणाची ताटं आम्ही मांडीवर घेऊन जेवायचो, कारण टेबलावर काडतुसं नांदत होती. टू-सेव्हंटी वेगवान पण हलकी. ताई म्हणाली, "दिसायला चांगली, पण कामाला काय उपयोगाची न्हाई." थर्टी-ओ-सिक्सची लाथ जबर. "तापट घराणं. नको." थ्री-ओ-एटमध्ये खोट काढायला जागा नव्हती, तर म्हणाली, "एवढं सगळं चांगलं असतंय व्हय? कायतरी लपवत असतील."

"अगं, तू काडतूस बघतीयास का नवरा मुलगा?"

"तुम्ही मला बघायला आला तेव्हा दहा मिनिटांत हो म्हणालात. पोहे गार व्हायच्या आत. आणि आता एका सांबरासाठी दीड महिना!"

"तेव्हा दुसरं स्थळ कुठं होतं?" दाजी म्हणाले, आणि ताईनं लाटणं उगारलं.

मनातून दाजींचं थ्री-नॉट-थ्रीवरच होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांचे वडील पोलिसात हवालदार होते. त्यांच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री दाजींनी लहानपणी रोज पाहिलेली आणि तिला बोट लावायची परवानगी कधीच मिळाली नव्हती. पण इंजिनियर माणूस, मनात आहे म्हणून घेतली असं म्हणणार कसं? कारण पाहिजे होतं. ते कारण एका रविवारी सापडलं. गोळीचं वजन इकडं ग्रेनमध्ये सांगतात. ताईनं सहज विचारलं, एक ग्रेन म्हणजे किती? दाजी म्हणाले, गुंजेच्या निम्म्याहून थोडं जास्त. मग पेन्सिल घेऊन गुणाकार, भागाकार, आणि एकाएकी ते उठून उभे राहिले.

"एकशे ऐंशी ग्रेन! शालू, थ्री-नॉट-थ्रीची एकशे ऐंशी ग्रेनची गोळी म्हणजे किती सांग? बरोबर एक तोळा! गुंजभर कमी न्हाई, जास्त न्हाई! एक तोळा!"

"मला लग्नात दीड तोळा," ताई म्हणाली. "सांबराला एक. बरं."

पण तिनंही तो कागद जवळ ओढून तो आकडा दोनदा पाहिला. आम्हां तिघांनाही वाटलं की हे ठरलेलंच होतं. सांबर आपलं, वजन आपलं, आणि बंदूक हवालदारांची. दाजींनी आलेखाच्या कागदावर थ्री-नॉट-थ्रीभोवती लाल वर्तुळ काढलं आणि ताईनं त्यावर चिमूटभर हळदकुंकू टाकलं. कीथला हे सांगितलं तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "वॉट्स अ तोला?" दाजींनी अर्धा तास सांगितलं. शेवटी कीथ म्हणाला, "राइट. वेल, जस्ट मेक शुअर इट्स सॉफ्ट नोज."

ही सॉफ्ट नोज म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शिकारीच्या गोळीच्या टोकाला तांब्याचं आवरण नसतं, करडं शिसं उघडं असतं. ती आत गेली की उमलते आणि जनावर तिथंच बसतं. दुसरी असते ती टोकापर्यंत तांब्यानं मढवलेली, लखलखीत. लष्कराची, किंवा नेमबाजीच्या क्लबात कागदावर मारायची. ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखम घेऊन पळतं, मैल न् मैल. कीथनं हे दोन वाक्यांत सांगितलं होतं आणि दाजींनी जेवताना वीस मिनिटं समजावलं होतं, ताई "आता भात खाऊ दे की मला" म्हणेपर्यंत. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला पाठ होतं.

कीथनं त्याची जुनी थ्री-नॉट-थ्री वापरायला दिली. तीन शनिवार त्यानं दाजींना खाणीच्या मागं नेऊन नेम शिकवला, त्याच्याकडच्या जुन्या लष्करी काडतुसांवर. दाजींचा हात विलक्षण स्थिर होता. आमचा हा पाच फूट चार इंची माणूस शंभर पावलांवर चहाच्या डब्याचं झाकण उडवू लागला. कीथनं शिट्टी मारली. त्याच्याकडून शिट्टी म्हणजे आपल्याकडची पालखीच. सांबर कुठं मारायचं, तेही त्यानं दाखवलं: खांद्याच्या मागं, चार बोटं. दाजी घरात फिरतासुद्धा भिंतीवर चार बोटं ठेवून "इथं" म्हणायचे. एकदा तर दूधवाल्याच्या घोड्यावर ठेवली.

शिकार रविवारी पहाटे ठरली, आणि पुढच्या शनिवारी ताईचं डोहाळजेवण. आदल्या दिवशी दाजींना साइटवर काम निघालं. त्यांनी मला चिठ्ठी दिली. ड्रॉइंगवर लिहितात तशा सुबक अक्षरात: थ्री-नॉट-थ्री, एकशे ऐंशी ग्रेन, सॉफ्ट नोज, एक डबा. सॉफ्ट नोजखाली दोन रेघा. त्या काळी खेड्यातला दुकानदार ओळखीच्या पोराला चिठ्ठीवर काडतुसं देई. आज माझी नात हे ऐकून म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो इल्लीगल."

गावात एकच दुकान. खिळे, रंग, गळ, मेंढ्यांचं औषध, काडतुसं, सगळं तिथंच. आणि शनिवारी सकाळी गल्ल्यावर दुकानदाराची मुलगी ग्लेनिस बसायची. ग्लेनिसबद्दल जास्त काही लिहिण्यासारखं नाही, कारण जास्त काही घडलंच नाही. तिच्याशी मी साऱ्या आयुष्यात चार वाक्यं बोललो. तिच्या नाकावर ठिपके होते आणि ती पेन्सिल कानामागं खोवायची, एवढं मला तेव्हा पुरेसं होतं. जाताना वाटेत मी माझं वाक्य तोंडात घोळवत होतो. दाजींच्या हातची चिठ्ठी काढून तिच्यासमोर धरायची, म्हणजे आईनं रवा-गूळ आणायला पाठवलेलं पोर. ते मला करायचं नव्हतं. मी काउंटरवर कोपर टेकलं, कीथ टेकतो तसं, आणि म्हणालो, "बॉक्स ऑफ थ्री-ओ-थ्रीज, थँक्स."

"सॉफ्ट नोज ऑर क्लब?" ग्लेनिसनं विचारलं.

तिच्या हातात दोन्ही डबे होते. दोन्हींची झाकणं उघडी होती. क्लबच्या डब्यात ती सगळी तांब्याची, ओळीनं, देवघरातल्या भांड्यांसारखी झळकत होती. सॉफ्ट नोजवाली शेजारी आंधळ्या डोळ्यांसारखी. मला चिठ्ठी आठवत होती. दोन रेघा आठवत होत्या. पण ग्लेनिस माझ्याकडं बघत होती, आणि क्लब म्हणताना तिनं भुवया किंचित उचलल्या, म्हणजे क्लबात जाणारा नेमबाज आहेस की काय तू. निदान मला तसं वाटलं.

"क्लब," मी म्हणालो. "ऑफ कोर्स."

"नो वरीज."

मी घराकडं चाललो नाही, तरंगलो. पुलापर्यंत तर मी क्लबचा सभासद झालो होतो, ग्लेनिस टाळ्या वाजवत होती, आणि बक्षीस समारंभाला ताई साडी नेसून आली होती. पुलावर मी डबा उघडला. सगळी टोकं तांब्याची. परत फिरलो, जवळजवळ पळत. दुकान बारा वाजता बंद व्हायचं. बारा वाजून गेले होते. रविवारी तर सगळा देशच बंद. मी पायरीवर बसून स्वतःला पटवलं: टोकदार आहे, म्हणजे जास्त चांगलीच लागेल. वजन तोळ्याला जेमतेम कमी. आणि दाजींनी सराव केला तोही असल्याच गोळ्यांवर, मग काय फरक पडतो? फरक काय पडतो ते दाजींनी वीस मिनिटं सांगितलं होतं, ते मात्र मी त्या वेळी आठवू दिलं नाही.

डब्यावर मोठ्या अक्षरांत क्लब असं लिहिलं होतं. म्हणून मी तो डबा नदीत सोडला आणि काडतुसं, ताईनं पैसे घालून दिलेल्या तिच्या जुन्या बटव्यात भरली, ज्यात ती कोल्हापूरहून बडीशेप घेऊन आली होती. घरी गेल्यावर तो बटवा दाजींच्या हातात ठेवला.

दाजी बटव्याकडं बघतच राहिले आणि मग खदाखदा हसले. "शालू, बघ की! मेव्हण्यानं काडतुसं बटव्यातनं आणली! आता सांबराला गोळी मारायची का मुखशुद्धी द्यायची?" ताई आली, तिनं बटव्याचा वास घेतला, तीही हसली. मीही हसलो. बटवा कुणी उघडला नाही. तो तसाच दाजींनी कोटाच्या खिशात घातला आणि कोटावरून दोनदा थोपटला.

पहाटे आम्ही कीथच्या गाडीतून खोऱ्यात उतरलो. अंधार, थंडी अशी की नाकातलं पाणी गोठावं, आणि माणसाहून उंच नेचे दंव गाळत उभे. दाजींच्या अंगात दोन स्वेटर, वर धरणाचा रेनकोट, आणि डोक्याला ताईची शाल. कीथ त्यांच्याकडं बघून म्हणाला, "यू लुक लाइक समवन्स नॅन." म्हणजे कुणाची तरी आजी. दाजी मान डोलावून म्हणाले, "थँक यू." मला हसू आवरेना, आणि कीथनं बोट ओठांवर ठेवलं तेव्हा तर आणखीच फुटलं. मला वाटतं त्या पहाटे त्या खोऱ्यात आम्हां तिघांइतकं सुखी कुणी नव्हतं. मलाही वाटत होतं की सगळं ठीक होईल.

वाटा फुटल्या. कीथ वरच्या अंगानं जाणार होता, आम्ही दोघं ओढ्यापलीकडं बसणार. जाता जाता त्यानं विचारलं, "सॉफ्ट नोज, राइट?"

दाजी बटव्यात हात घालून गारठलेल्या बोटांनी काडतुसं चाचपत, अंधारातच एकेक बंदुकीत भरत होते. ते माझ्याकडं वळले. "दिगू?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. तेवढा एक क्षण मला मिळाला होता.

"येस," मी म्हणालो. "सॉफ्ट नोज."

सांबर उजाडता उजाडता आलं. ओढ्याच्या चिखलात लोळण्यासाठी ते जागा शोधत आलं, काळंभोर, ओलं, मानेला आयाळ. मी चित्रात पाहिलं होतं त्यापेक्षा ते फार मोठं होतं. दाजींचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग हळूच, जणू मलाच, ते पुटपुटले, "चार बोटं." आणि बार झाला. सांबर पाठीची कमान करून उसळलं आणि नेच्यांमध्ये शिरलं. पानं हलत राहिली. बस्स.

आम्ही त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधलं. रक्ताचा एक थेंब सापडला, पानाच्या कडेवर, मोहरीएवढा. कीथनं तो बोटावर घेतला, दाजींकडं पाहिलं आणि म्हणाला, "यू पुल्ड इट, मेट." हात हलला. पोटात लागली असणार. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. परत येताना तो गाडीत एवढंच बोलला की होतं असं, पण जो जनावर जखमी सोडतो त्याला मी दुसऱ्यांदा नेत नाही, तो माझा नियम आहे. दाजी "बरोबर आहे" म्हणाले. मी मागच्या सीटवर बसलो होतो. बंदुकीतली काडतुसं अंधारात मीच काढून घेतली होती, आणि बटवा माझ्या मांडीवर होता. उरलेली काडतुसं त्याच संध्याकाळी मी पुलावरून डब्याच्या मागोमाग सोडली.

सोमवारी दाजी कामावर जायच्या आधी खोऱ्यात जाऊन आले. मंगळवारीही. बुधवारी ते भिजून आले आणि न जेवता कामावर गेले. गुरुवारी कॉलेज बुडवून मी गेलो. कावळे ओरडत होते त्या दिशेला गेलो, वरच्या अंगाला, दाजी शोधत होते त्याच्या बरंच पुढं. ते एका ओंडक्याला टेकून पडलं होतं. मी जवळ बसलो. खांद्याच्या मागं पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक होतं. पलीकडच्या बाजूला तेवढंच. आत शिरली आणि सरळ निघून गेली. मी माझी बोटं ठेवून पाहिली. खांद्यापासून चार. बरोबर चार.

हे दाजींना सांगितलं असतं तर? कीथला आणून दाखवलं असतं तर त्यानं ते भोक एकदा बघितलं असतं आणि सगळं ओळखलं असतं. मी नेच्यांच्या फांद्या तोडल्या आणि ते झाकलं. नीट, कडेनं दगड ठेवून. संध्याकाळी दाजी बूट घालायला लागले तेव्हा मी म्हणालो, "वरच्या अंगाला मी बघून आलो, दाजी. तिकडं काही नाही."

"तू गेलतास?" ते म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शहाणा हायस."

शनिवारी डोहाळजेवण थाटात झालं. इकडं मोगरा कुठला, पण वॅटलच्या झाडांना बहर आला होता, तर त्या पिवळ्या फुलांच्या वेण्या, बाजूबंद आणि मुकुट करून ताईला सजवलं. ती हळदीत न्हाल्यासारखी दिसत होती आणि दर दोन मिनिटांनी शिंकत होती. आपल्याकडं डोहाळकरणीच्या हातात धनुष्यबाण देतात, तर धनुष्य कीथनं करून आणलं, गमच्या झाडाच्या फांदीचं, दोरीच्या जागी मासेमारीची तात. तो नियमाचा पक्का होता, पण दोस्तीचाही होता. रस्सा मेंढीचाच होता. ताईनं वाटी तोंडाला लावून सगळा प्यायला आणि म्हणाली, "अगदी शिकारीसारखा झालाय." ती खोटं बोलत होती, आणि तिचं खोटं किती निराळं होतं.

फोटोच्या वेळी कीथनं थट्टेनं ते धनुष्य दाजींपुढं केलं. दाजींनी ते घेतलं, तात ओढून पाहिली आणि ताईच्या हातात दिलं. मग सगळ्यांकडं बघून इंग्रजीत म्हणाले, "हिच्याच हातात बरं. माझा नेम चुकतो." सगळे हसले. कीथ हसला, ताई शिंकत हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. तो फोटो माझ्या भाचीच्या घरात अजून आहे. त्यात माझं तोंड इतकं उघडं आहे की दाढा मोजाव्यात.

दाजींनी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. त्याचं काही एवढं नाही, कितीतरी माणसं लावत नाहीत. पण ज्या माणसाचा हात कधी हलत नव्हता, तो सगळं दोनदा, तीनदा तपासायला लागला. धरणावर एकच माप चार वेळा घ्यायचे. वरच्या जागेवर बोलावलं तर म्हणाले, नको, मी नेम चुकणारा माणूस आहे. ताई म्हणायची, "गॅस बंद आहे हो, पाचव्यांदा जाऊ नका." पुढं आम्ही सगळे सिडनीला आलो, गिरावीनला दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलो, आणि दर पितृपक्षात मागच्या अंगणात ते वडिलांचं पान ठेवायचे, आईचं ठेवायचे, आणि कडेला एक तिसरं, छोटं. पहिल्यांदा मी विचारलं, हे कुणाचं? तर म्हणाले, "त्या सांबराचं. कुठं तडफडून मेलं असेल कुणास ठाऊक. आपल्या गावाचं होतं रे ते." आणि कावळा आला की मोठ्यानं हसून मला हाक मारायचे, "दिगू, घेतलं बघ!" वर्षानुवर्षं मी त्या अंगणात उभा राहून ते तिसरं पान पाहिलं आहे. वरणात तूप घालायला ते कधी विसरले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ते वेस्टमीडच्या इस्पितळात होते. मी कार पार्कच्या चौथ्या मजल्यावर गाडी लावून अर्धा तास आत बसलो, वाक्यं जुळवत. लिफ्टमध्ये ती पुन्हा म्हणून पाहिली. वर गेलो तर दाजी उशीला टेकून बसले होते आणि त्यांची नर्स, पुण्याची एक हसरी मुलगी, त्यांना सुई टोचत होती.

"पहिल्याच फटक्यात शीर सापडली बघ हिला," दाजी मला म्हणाले. "हिचा नेम बघ आणि माझा बघ. दिगू, सांग हिला माझी गोष्ट. सांबराची. तू होतास की."

मुलीनं उत्सुकतेनं माझ्याकडं पाहिलं. दाजीही बघत होते, हसत. पन्नासएक वर्षांनी पुन्हा दोघं माझ्याकडं बघत होते आणि पुन्हा तेवढाच एक क्षण होता. मी तोंड उघडलं.

"दाजी," मी म्हणालो, "चहा गार होतोय तुमचा."

त्यानंतर बारा दिवसांनी ते गेले. या पितृपक्षात ताईनं मला पानं वाढायला बोलावलं. दाजींचं ठेवलं, आणि कडेला ते छोटं मी स्वतः वाढलं, तूप घातलं. कावळ्यानं आधी दाजींचं घेतलं की सांबराचं, हे मी बघितलं नाही, कारण मी मान खाली घालून तेच पुटपुटत होतो, जे लिफ्टमध्ये पाठ केलं होतं. ताई हे वाचेल. तिला चष्मा लागतो, पण ती वाचेल. म्हणून इथं लिहून ठेवतो.

दाजी, तुमचा नेम बरोबर होता. चार बोटं, मी मोजली आहेत. गोळी मी चुकीची आणली, विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि ते सापडलं तेव्हा झाकून ठेवलं. मला माफ करा.